विशाखा, तो आकडा मी बसवला होता

विशाखा,

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला मी बोललो. तुझ्या गावच्या विहारात माणसं पांढऱ्या कपड्यांत दाटीवाटीनं बसली होती, तुझ्या फोटोला शेवंतीचा हार होता, आणि मी बरं बोललो असं नंतर लोक म्हणाले. तुझी बहीण रडली. मी खाली बसलो तेव्हा शेजारच्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला झटकून टाकावासा वाटला, कारण जे एक वाक्य बोलायला मी नगरहून नेवाशापर्यंत आलो होतो, तेवढं सोडून मी सगळं बोललो होतो.

ते वाक्य इथं लिहितो. आपल्या पशुसंशोधन केंद्राच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर दोन पानं द्या असं मला सांगितलंय. तुझं शिक्षण, तुझ्या बदल्या, तुझे पुरस्कार हे दुसरं कोणी लिहील. मला तुझ्याशीच बोलायचंय. इतरांनी ते ऐकावं एवढंच.

तू गेलीस ती तुझी फळ्यांची कल्पना चुकीची होती असं समजून गेलीस. ती चुकीची होती की बरोबर, हे आपण कधी बघितलंच नाही. बघितल्यासारखं केलं. आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

थंडीत करडं मरतात हे तुझं दुखणं होतं. तू पाथर्डीच्या उपकेंद्रात जनावरांची डॉक्टर, मी नगरच्या मुख्य केंद्रात आकडेवाला. दिवाळी झाली की तिकडच्या गावांतून माणसं उसाला निघतात, मुकादमाची गाडी येते, भांडी आणि अंथरुणं आणि पोरं चढतात. शेळ्या मागं राहतात म्हाताऱ्यांजवळ, आणि नेमक्या तेव्हाच वितात. करडू डालग्याखाली झाकायचं, खाली मातीची जमीन, मुतानं आणि गारठ्यानं ओली. सकाळी डालगं उचललं की एखादं ताठ झालेलं. तीनातलं एक जातं, असं तू सांगायचीस, आणि सांगताना तुझा चेहरा असा व्हायचा की ते डालगं तूच आत्ता उचललंयस.

मग तू फळबाजारातून सफरचंदाच्या रिकाम्या लाकडी पेट्या आणायला लागलीस. पेटी उकलायची, फळ्या बोटभर फट ठेवून ठोकायच्या, खाली विटा लावायच्या. करडू जमिनीपासून वीतभर वर. बास, एवढंच. पहिल्यांदा तू मला दाखवायला एका गावात घेऊन गेलीस तेव्हा जिजाबाई, त्या गावातली तुझी सगळ्यात लाडकी म्हातारी, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आमाला गादी न्हाई आन् करडाला पलंग! बाई, उद्या उशी बी आनशीला."

"आणीन की," तू म्हणालीस. "तुमच्या जावयाला विचारा, कापसाची पाहिजे का फोमची."

त्या दिवसापासून त्या फळ्यांना सगळं गाव पलंग म्हणायला लागलं. तू एक करडू उचलून माझ्या मांडीवर ठेवलंस. "घाबरू नकोस, चावत नाही." ते चावलं नाही. त्यानं माझी पॅन्ट भिजवली, आणि तशाच पॅन्टवर मी दुपारी साहेबांच्या मीटिंगला बसलो. मीटिंगमध्ये तू माझ्याकडे बघत नव्हतीस, कारण बघितलं असतंस तर हसू फुटलं असतं. विशाखा, माझ्या नोकरीत मी इतक्या मीटिंगांना बसलो, आठवते ती तेवढीच.

आता तो दिवस.

तू माझ्या खोलीत आलीस, हातात कागदात बांधलेली भेळ. "काम आहे. भेळ आणलीय, म्हणजे नाही म्हणता येणार नाही." साहेबांनी तुला सांगितलं होतं, पलंगांचा नीट प्रयोग करा, फरक दिसला तर पुढच्या वर्षी चार गावांना देऊ. प्रस्तावात किती करडं घेणार तो आकडा पाहिजे, तो सुधीरकडून आणा.

आमच्या केंद्रात तो आकडा कसा निघायचा, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगतो. प्रयोगाला किती जनावरं लागतील हे काढायचं तर आधी ठरवावं लागतं की एरवी किती मरतात आणि आपल्या उपायानं त्यातली किती वाचतील अशी आशा आहे. फरक मोठा असेल तर तो थोड्या जनावरांतही दिसतो. फरक लहान असेल तर दिसायला खूप जनावरं लागतात, नाहीतर नशिबाच्या वरखालीत तो हरवून जातो. दहावीच्या पोरालाही समजेल असं आहे हे. पण माझ्याकडे येणारा असं विचारतच नसे. तो म्हणायचा, "साहेबांनी अमुक इतक्यात उरका म्हणून सांगितलंय. तेवढा आकडा बसवून द्या." आणि मी बसवून द्यायचो. हाच शब्द होता, बसवणं. उत्तर आधी घ्यायचं, गणित मागून करायचं. किती मोठा फरक मानला की साहेबांचा आकडा येतो ते शोधायचं, आणि तेवढा फरक "अपेक्षित आहे" असं लिहून टाकायचं. तो अपेक्षित आहे की नाही, हे कोणी वाचत नसे. माझा हात इतका बसला होता की चहा गार व्हायच्या आत मी आकडा देत असे. सगळ्यांना मी आवडायचो. हा अंक वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी असे आकडे दिलेत, आणि त्यांनी आत्ता या ओळीवरून नजर उचलली असेल.

पण तू तसं विचारलं नाहीस. तूच एकटी अशी होतीस की विचारलंस, "खरंच किती लागतील रे?"

"पलंगानं किती वाचतील असं वाटतं तुला?"

"जास्त नाही. मरणाऱ्या चारांतलं एक जरी वाचलं ना, तरी जिजाबाईचं वर्ष निघतं."

मी ते घातलं. तीनातलं एक मरतं, मरणाऱ्या चारांतलं एक वाचेल. तू भेळेतले शेंगदाणे वेचून खात होतीस, ती तुझी जुनी खोड, दुसऱ्याच्या वाट्याचेही खायचीस. स्क्रीनवर आकडा आला. एकेका बाजूला साडेचारशेच्या वर करडं. तुझ्या खुर्चीतून स्क्रीन दिसत नव्हती.

"तुला किती जमतील?" मी विचारलं.

"साहेब म्हणतात ऐंशी बास. चाळीस पलंगावर, चाळीस जमिनीवर. एका हिवाळ्यात उरका म्हणाले." मग तू वर बघितलंस. "एवढ्यात कळेल ना?"

विशाखा, त्या क्षणी माझ्याकडे एक शब्द होता. "नाही." त्यासाठी मला साहेबांकडे जावं लागलं असतं, प्रस्ताव कदाचित परत आला असता, कदाचित तू म्हणाली असतीस की मग दोन-तीन वर्षं करू, शेजारची गावं घेऊ, दुसऱ्या तालुक्यातल्या डॉक्टरांना सांगू. तू म्हणालीच असतीस. तुला काम वाढलेलं कधी वाईट वाटलं नाही. पण तू खूश होतीस, आणि मला तुझा उतरलेला चेहरा बघायचा नव्हता. एवढं क्षुल्लक कारण होतं. मी त्याला पुढं बरीच मोठी नावं दिली. व्यवहार म्हटलं, परिस्थिती म्हटलं, काहीच न होण्यापेक्षा थोडं तरी होऊ दे असंही म्हटलं.

"कळेल," मी म्हणालो.

आणि मरणाऱ्या चारांतलं एक वाचेल असं जिथं होतं, तिथं मी तीन वाचतील असं केलं. चाळीस आले. चपखल.

तू उरलेली भेळ माझ्यापुढं सरकवलीस. "घे, तुझी फी." त्यात शेंगदाणे नव्हते.

कारखान्याचा वजनकाटा असतो ना, जिथं उसानं भरलेली आख्खी ट्रॉली तोलतात? आपण तिथं एक अंगठी ठेवली. काटा हलला नाही, तेव्हा अंगठीला वजनच नाही असं लिहून दिलं. चमत्कार झाला असता तर त्या प्रयोगात दिसला असता. तू चमत्कार मागितलाच नव्हतास. तू चारांतलं एक करडू मागितलं होतंस, आणि ते दिसण्याची सोय मी काढून घेतली होती.

प्रयोग चालू असताना मधेच तुझा फोन आला होता. मागं जीपचे हॉर्न, बायकांचा गलका. "अरे सुधीर, इथं गाडी लागलीय. तीन-चार घरांनी शेळ्या बरोबर न्यायच्या ठरवल्या, एकानं विकून टाकल्या. पलंगावरची करडं चालली उसाला! हे धरलं होतंस ना तू?" दिवाळीनंतर तिथली माणसं जातात हे तूच मला सांगितलं होतंस, आणि तेव्हा मी मान हलवून "धरलंय" म्हणालो होतो. धरलं नव्हतं. बसवलेल्या आकड्यात आणखी काय धरणार? "चालेल," मी म्हणालो, "जी आहेत त्यांच्यावर बघू." जिजाबाईच्या शेळीला जुळं झालं तेव्हाही तू विचारलंस, की एकाच आईची, एकाच घरातली दोन करडं ही दोन धरायची की एक? अशी दोन बहुधा बरोबरच जगतात नाहीतर मरतात, त्यांना दोन धरणं म्हणजे मोजणी फुगवणं; प्रश्न इतका नेमका होता की मला राग आला. "दोन धर," मी म्हणालो. आकडा भरायचा होता.

हिवाळा संपला. पलंगावरची थोडी कमी मेली होती. थोडीच. इतका फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकला असता, आणि मी अहवालात जे लिहितात तेच लिहिलं, की लक्षणीय फरक आढळला नाही. हे वाक्य टेबलावरून टेबलावर गेलं. पुढच्या टेबलावर त्यातला "लक्षणीय" गळाला आणि "फरक आढळला नाही" राहिलं. त्याच्या पुढच्या टेबलावर "उपयोग नाही" झालं. साहेबांनी तुला फोन केला तोवर एकच शब्द उरला होता. फेल.

मला वाटलं होतं तू भांडशील. आपलं भांडण तर कायमचंच होतं. मी म्हणायचो, तुझं एक करडू म्हणजे पुरावा नाही. तू म्हणायचीस, तुझी सरासरी कधी बें करत नाही. एस.टी.त, कॅन्टीनमध्ये, तुझ्या बहिणीच्या लग्नात जेवणाच्या रांगेत आपण हे भांडलो होतो. या वेळी तू भांडली नाहीस. तू ते मान्य केलंस. तुझ्या डोळ्यांना पलंगावरची करडं तरतरीत दिसत होती, तरी तू माझ्या आकड्यावर विश्वास ठेवलास, कारण आकड्यापुढं आपलं प्रेम बाजूला ठेवायचं असतं हे मीच तुला इतकी वर्षं शिकवत होतो. त्या भांडणात मी कसा जिंकलो, हे आता कोणाला सांगू?

तू घरोघर गेलीस. हे मला ड्रायव्हरकडून कळलं. प्रत्येक उंबऱ्यावर उभी राहून तू म्हणालीस, "माझा अंदाज चुकला, मावशी. फळ्या तुमच्याच, काय करायचं ते करा." कोणी त्यांचा माठ ठेवायला चौरंग केला, कोणी कोंबड्यांचं खुराडं, कोणी चुलीत घातल्या. तू नगरला आलीस आणि माझं पडलेलं तोंड बघून तूच माझी समजूत काढलीस.

"अरे, तू का असा बसलायस? तुझं गणित बरोबर होतं. माझी फळी चुकली."

आणि चहा सांगितलास. दोन. मी तो प्यायलो.

त्यानंतर कोणी फळ्यांचं नाव काढलं नाही. काढणार कसं? एकदा "फरक नाही" असं छापून आलं की ते दार बंद होतं. पुढचा माणूस बघतो, हे करून झालंय म्हणतो आणि दुसरीकडे वळतो. आपण काहीच केलं नसतं तर निदान दार उघडं राहिलं असतं. मी बसवून दिलेल्या बाकीच्या आकड्यांनी अशी किती दारं लावून घेतली असतील, हा विचार हल्ली मला सोडत नाही. पण त्या माणसांचे चेहरे मला आठवत नाहीत. तुझा आठवतो.

तुझं आजारपण ही मला मिळालेली शेवटची संधी होती, आणि तू ती माझ्यासाठी सोपीही केलीस. सावेडीत तुझ्या बहिणीच्या घरी तू खिडकीजवळ पडून असायचीस, डोक्याला सुती टोपी, हातावर सुयांचे निळे डाग. मला बघून म्हणालीस, "ये आकडेवाल्या. आता माझ्या प्रयोगात एकच जनावर. बसव बघू आकडा."

मी हसलो. तुझ्या बहिणीनं चहा आणला. तू सांगत होतीस, डॉक्टरांनी नवीन औषध सुचवलंय, तू त्यांना विचारलंस की किती जणांवर बघितलंय, आणि ते म्हणाले, हजारो. "मला बरं वाटलं रे. म्हटलं, एवढ्यांवर बघितलंय तर काही तरी खरं असणार." मग तू खिडकीबाहेर बघितलंस. "माझ्या प्रयोगाला एवढी करडं मिळाली असती तर?"

दार तू स्वतः उघडून धरलं होतंस. मी फक्त पाऊल आत टाकायचं होतं.

"एक विचारू?" तू म्हणालीस. "त्या पलंगांचं खरंच काही नव्हतं का रे?"

"आकड्यांत तर काही दिसलं नाही," मी म्हणालो.

हे वाक्य खोटं नाही. त्याचा प्रत्येक शब्द खरा आहे, आणि म्हणूनच इतकं नीच वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही. तू मान हलवलीस. "बरं. मग झालं," म्हणालीस, आणि पाणी मागितलंस. मी पेला तुझ्या ओठांना लावला आणि नजर दुसरीकडे वळवली, थोडं पाणी तुझ्या गळ्यावर सांडलं. तुला वाटलं, मला तुझी अवस्था बघवत नाहीये. "रडू नकोस हां," तू म्हणालीस. "मी अजून आहे."

मी पुन्हा येईन आणि सांगेन असं ठरवून जिना उतरलो. पुन्हा आलो तेव्हा तू कोणाला ओळखत नव्हतीस.

आता रविवार. भन्तेजींनी पंचशील दिलं. तुझ्या घरी इतक्या वेळा आलोय की मला ते पाठ आहे, मी सगळ्यांबरोबर म्हणत होतो. चौथं आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. त्या एका ओळीपुरता माझा आवाज गेला. पाचव्याला परत आला.

मग आपले साहेब बोलले. निवृत्तीनंतर ते बरेच मऊ झालेत, तुझ्याबद्दल मनापासून बोलत होते. "विशाखाताईंनी करडांसाठी फळ्यांचा एक प्रयोग केला होता. तो फेल गेला. पण ताई खचल्या नाहीत. अपयश पचवायला मोठं मन लागतं." माणसं माना डोलवत होती. तुझ्या आईनं पदर डोळ्यांना लावला. त्यानंतर माझं नाव पुकारलं गेलं, आणि मी उठलो तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, विशाखा, शपथेवर सांगतो, तयार होतं. मी समोर बघितलं. साहेब होते, केंद्रातली निम्मी माणसं होती, मागच्या भिंतीशी पाथर्डीहून जीप करून आलेल्या बायका बसल्या होत्या. मी तुझ्या भेळेबद्दल बोललो. तुझ्या हसण्याबद्दल बोललो. करडानं माझी पॅन्ट भिजवल्याचं सांगितलं, लोक रडता रडता हसले. मी बरं बोललो.

जेवणं झाल्यावर मी नळावर हात धूत होतो. मागून आवाज आला. "भाऊ, वळखलं का?"

जिजाबाई. वाकलीय आता, पण कमरेवर हात तसाच.

"ओळखलं की, आजी."

"त्ये सायेब म्हनलं पलंग फेल गेलं. माजा पलंग हाय आजून. दोन येळा फळ्या बदलल्या म्या. दर थंडीला करडं त्याच्यावरच ठिवते." तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "मंग आता मोडू का? चुलीला तरी हुईल."

"मोडू नका."

"म्हंजी फायदा हुतो?"

"ते ठाऊक नाही, आजी."

"ठाऊक न्हाई म्हंजी? तुमीच मोजलं हुतं ना? बाई सांगायची, नगरचं भाऊ मोजत्यात, त्ये सांगतील त्ये खरं."

नळ चालूच होता. मी तो बंद केला.

"मोजलं होतं. पण कळेल इतकं मोजलं नाही. कळण्यासाठी कितीतरी जास्त करडं लागली असती. ते मला तेव्हाच माहीत होतं. मी कमी सांगितली."

बाजूला कोणीतरी ताटं घासत होतं, त्यांचा खणखणाट चालला होता. जिजाबाईनं विचारलं, "बाईला ठावं हुतं का ह्ये?"

"नाही. मी तिला सांगितलं नाही."

 तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती पदरानं ओठ पुसत उभी राहिली, आणि मला दिसत होतं की ती माझा विचार करत नाहीये, ती तुला बघतेय, तिच्या उंबऱ्यावर उभी राहून माझा अंदाज चुकला म्हणणारी तुला. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. बाकीच्या बायका चढल्या होत्या. "ए जिजे, ऱ्हातीस का हितंच?" एकीनं हाक मारली. ती निघाली, चार पावलं गेल्यावर थांबली.

"मंग मी ठिवते पलंग," म्हणाली. "कळंस्तवर."

जीप गेली. कळण्यासाठी आता कोणी बघतच नाहीये, हे मी तिला सांगू शकलो नाही.

म्हणून हे लिहितो. माझा बचाव म्हणून नाही, आणि तुझी क्षमाही मागत नाही, ती तू फार सहज दिली असतीस, दोन चहा सांगून. तुझं म्हणणं खरं होतं असंही मला लिहिता येत नाही. यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचत नाही, की तू गेल्यावरही मी तुला "तू बरोबर होतीस" एवढं म्हणू शकत नाही. पलंगानं करडं वाचत असतील, नसतीलही. पण ज्या अहवालावर माझी सही आहे, त्याचा आधार घेऊन कोणी म्हणू नये की विशाखाचा प्रयोग फेल गेला. तो प्रयोग झालाच नव्हता. ज्यांना तो करायचा असेल त्यांनी माझ्याकडे यावं. भेळ आणू नये. मी सांगेन तो आकडा मोठा असेल, आणि तो बसवलेला नसेल.

तू खुर्चीत बसून शेंगदाणे वेचत मला विचारलं होतंस, एवढ्यात कळेल ना?

नाही, विशाखा. एवढ्यात कळणार नाही.